मोगलाईचा नाका आणि आईचं माहेर

सुमन, जरा जवळ सरक बरं. अशी नाय, अजून जवळ. आणि तो टीव्ही बंद कर. परवा तुझ्या लेकाला फोन केला तर म्हणतो, आई आरतीला गेली. तासानं केला तर म्हणतो, आई झोपली. एवढी कशी गं अवघड झालीस? एखाद्याला मंत्र्याची भेट मिळंल, पण चाळीसगावची सुमन काही मिळत नाय. म्हणून शेवटी कागद घेतला. फोनवर तू मधे मधे बोलतेस, आणि हे सांगणं मधे तोडून चालायचं नाही.

बाकी वाचणाऱ्या बायांनो, तुम्हीही बसा. ही सुमन म्हणजे माझी मामेबहीण. ती घाटाखाली खानदेशात, मी घाटावर पिशोरला. गोष्ट आमच्या दोघींच्या घरांची आहे, पण ती मला घरात बसून कळली नाही. त्यासाठी चार दिवस फिरावं लागलं.

क्रांती चौक

माझ्या लेकीची लेक प्रणाली संभाजीनगरला विद्यापीठात संशोधन करते. विषय, आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, "म्हणजे काय गं?"

"एक राज्य दुसऱ्या राज्याशी कसं वागलं, त्याचा इतिहास. आणि तो कसा शोधायचा, याचाही."

"म्हणजे सोयरीक."

"सोयरीकच नानी, पण रोज भांडणारी."

तिनं आपला घाट निवडला होता. तुला-मला तो नुसता घाट, पण आईच्या काळात वर निजामाची मोगलाई आणि खाली इंग्रजांचा मुलूख. वर हाली रुपया, खाली कलदार. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. तिथं गाठोडी सोडून बघायचे. माझी आई खानदेशातून लग्न होऊन वर आली, म्हणजे परराज्यातच आली म्हण. पुढं नाक्यानं वाट अडवली आणि तिचं माहेर तुटलं, ही गोष्ट मी प्रणालीला ती दुधाच्या दातांची असल्यापासून सांगत आले. तीच तिनं निबंधात घातली. चर्चासत्रात वाचणार होती, म्हणून म्हणाली, "नानी, तू समोर बसायला पाहिजे."

माघाची थंडी ओसरत होती. मी पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि डबाभर कुरडया घेतल्या. एसटीत एका भल्या दांडग्या बाईनं माझ्या पिशवीवर टेकून झोप काढली, त्यात निम्म्या कुरडयांचा भुगा झाला. क्रांती चौकात उतरले तर चपलेचा अंगठा तुटला. एक पाय चपलेत, एक डांबरावर, चारी बाजूंनी गाड्या. एवढ्यात एक रिक्षावाला अंगाशी येऊन थांबला.

"अम्मा, कायको लंगडते? बैठो."

"विद्यापीठात जायचंय बाबा."

"इस उमर में पढ़ने को?"

"व्हय. पहिलीत नाव घालायचंय."

"तो पीछे की बेंच पे बैठना अम्मा. मास्टर लोगां सवाल आगे वालों को पूछते." आणि रस्त्यात चांभाराजवळ रिक्षा उभी करून त्यानं स्वतः चप्पल शिवून आणली. त्याचं ऐकायला पाहिजे होतं बाई. मी दुसऱ्या दिवशी पुढं बसले.

प्रणालीची खोली केवढी, तर आपल्या देवघराला दारं लावली तर होईल तेवढी. भिंतीवर नकाशे चिकटवलेले. पाच महिन्यांनी बघत होते पोरीला. गालाची हाडं वर आलेली. मी कुरडयांचा भुगा परतला, ठेचा काढला, भाकरी दिली. ती जेवत होती आणि मी नुसती बघत होते. आपल्या माणसाला जेवताना बघायची भूक वेगळीच असते.

विद्यापीठात

दारात एक बाई वही घेऊन बसल्या होत्या. नाव, गाव लिहिलं. पुढचा रकाना होता हुद्द्याचा. मी तो सोडला तर म्हणाल्या, "मावशी, काहीतरी लिहा, रिकामा नको." मी लिहिलं, शेती. मला छातीला लावायचा बिल्ला दिला. घरी आणलाय, दाखवीन.

पहिले बोलले ते वयस्कर गृहस्थ म्हणाले, राज्यांचा इतिहास तहनाम्यांत असतो; कुणी काय कबूल केलं आणि सही कुणाची, ते आधी वाचा. दुसरे म्हणाले, सह्या राहू द्या, कापूस कुठून कुठं गेला ते बघा, मग राजे का भांडले ते आपोआप कळेल. हे मला पटलं. आपल्या घरात कापूस आला की आवाज चढतात. तिसऱ्या बाईंनी नकाशा लावला. म्हणाल्या, सरहद्दीची रेघ कुणी ओढली आणि ओढताना तो कुठं उभा होता, तिथून सुरुवात करा.

मी ऐकत होते. आपल्याकडं भावकीत वाटणी निघाली की असंच होतं. एक जण कागद काढतो, एक बांध दाखवतो, एक म्हणतो आधी बैल कुणाचे ते ठरवा. आणि चूल वेगळी झाल्यावर जिनं पहिली भाकरी थापली, तिला कुणी विचारत नाही. प्रणाली नेमकं तेच म्हणायला उभी राहिली होती. नाक्यावरून जी बाई गाठोडं घेऊन गेली, तिला राज्य कसं दिसलं, हाही राज्याचाच इतिहास आहे, असं ती म्हणाली. आधी आवाज कापला, मग सुधारला. आणि तिनं आईचं नाव घेतलं. गयाबाई. त्या मोठ्या खोलीत, पंख्याखाली, एवढ्या शिकलेल्या माणसांत. सुमन, आपल्या गावात तरी आईला नावानं कुणी हाक मारली होती? अमक्याची सून, तमक्याची बायको. मी पदर डोळ्याला लावला.

वाचून झालं. तिचे मार्गदर्शक सर उठले. उंच, हळू बोलणारा माणूस.

"नाका होता, तपासणी व्हायची, हे मान्य. पण मोगलाई संपली, नाका उठला. त्यानंतर तुमच्या पणजी माहेरी गेल्या का?"

प्रणालीनं माझ्याकडं बघितलं. मी बसल्या जागेवरून म्हणलं, "नाही गेली."

"का नाही गेल्या, आजी?"

एवढं वय झालं, हजारदा ही गोष्ट सांगितली, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही.

सर कुजके नव्हते हो. शांतपणे म्हणाले, "ऐकीव साक्ष मी टाकून देत नाही. पण एका साक्षीवर भिंत उभी राहत नाही. त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा. नाहीतर प्रणाली, हे प्रकरण तुला प्रबंधातून काढून टाकावं लागेल."

जेवणात मठ्ठा आणि जिलबी होती. प्रणालीनं ताटाला हात लावला नाही. वर्षभराचं काम होतं तिचं, आणि पाया मी दिला होता. हात धुताना तिनं विचारलं, "नानी, त्या घरातलं आता कोण आहे?"

"एकच आहे," मी म्हणलं. "लासूर स्टेशनला."

लासूर स्टेशन

माझी आत्या, म्हणजे आईची धाकटी नणंद. आई लग्न होऊन आली तेव्हा ही परकर-पोलक्यात खेळत होती. आता नव्वदीला टेकली आहे. तिचा मुलगा बाजारात आडत चालवतो. स्टेशनातून बाहेर पडलं की मक्याची, कापसाची धूळ नाकात जाते आणि हमालांच्या आरोळ्या कानात. घर मागच्या आळीत आहे. आत्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"कुशे? कुसुमच ना गं तू? लई वाळलीस. ही कुणाची?"

"माझ्या लेकीची, आत्या. शिकते."

"अजून शिकते? माझ्या नातीला दोन पोरं झाली." मग प्रणालीचा हात धरून म्हणाली, "शीक, शीक. मी गंमत केली."

लासूरकडची एक रीत मला आवडते. पाहुणा आला की आपल्याकडं आधी चहा, इथं आधी भाकर. ऐकूनच घेत नाहीत. सोलाण्याची आमटी, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. पहिला घास घेतला आणि मी विचारलं, "आत्या, आईचं माहेर कशानं तुटलं?"

"नाक्यानं," ती म्हणाली. पाढा म्हणावा तशी.

प्रणालीनं हळूच विचारलं, "नाक्यावर बायकांना सोडत नव्हते का?"

"कुणी सांगितलं? बायका जायच्या की! सामान उचकायचे, नवं लुगडं दिसलं की जकात मागायचे, एवढंच. आमच्या शेजारची चंद्रभागा तीन लुगडी एकावर एक नेसून उतरली घाट. वैशाखाचं ऊन! शिपाई म्हणतो, बाई एवढी जाड कशी? तर म्हणती, पोटुशी हाय. परत आली तीन दिवसांनी, काडीसारखी. त्योच शिपाई! म्हणतो, काय झालं? म्हणती, लुगडं झालं." आत्या हसून हसून ठसकली. आम्हीही हसलो.

मग मी म्हणलं, "चंद्रभागेला सोडलं, मग आईला का नाही?"

आत्यानं एक शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले. दुसरी उचलली.

"तुझा मामा येत व्हता," ती म्हणाली.

सुमन, नीट ऐक. तुझे वडील येत होते.

तुमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. निंबाला झोके बांधतात, भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला जातो. आमच्याकडं घाटावर लेक जाते पंचमीला, श्रावणात. आखाजी म्हणजे आमच्या घरात पूर्वजांना घागर भरायची, पुरण करायचं, संपलं. तर आईच्या लग्नानंतर तुझे वडील दर आखाजीच्या आधी घाट चढून यायचे. आणि नेमके ते वाळवणाचे दिवस. अंगणात कुरडया, शेवया, पापड. माझी आजी, म्हणजे आईची सासू, तेव्हा कामाची सून सोडणार कशी? आणि सोडायची कशासाठी, तर आपल्यात नसलेल्या सणासाठी!

"मंग नाय म्हणायचं व्हतं तोंडावर," मी म्हणलं.

"सोयऱ्याला? सुनेच्या भावाला?" आत्या चिडली. "सोयरीक मोडली असती गं. तवा आपण शेतातल्या वस्तीवर ऱ्हायचो. लांब बांधावर त्यो दिसला की माय वहिनीला म्हणायची, जा, धुणं घिऊन विहिरीवर जा. मंग त्याला पाणी द्यायची, गूळ द्यायची, पंख्यानं वारा घालायची. म्हणायची, बाबा, नाक्यावर लई वंगाळ चाललंय, तरण्या बाईला मी कशी धाडू? तुझीच भण हाय, तूच सांग. त्यो मान हालवायचा. सांच्याला उतरायचा खाली."

"आणि आईला?"

"आखाजीला भाऊ आला नाय, तर पंचमीला तरी यील म्हणून वहिनी न्हाऊन दारात बसायची. खालून पंचमीला कोण येतंय? त्यांच्यात तर रीतच नव्हती. माय म्हणायची, नाका बंद असंल. वहिनी उठायची, कामाला लागायची."

तीन साल असं झालं. चौथ्या आखाजीला मामा आले नाहीत.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मीच तर पाणी आणून द्यायची. माय म्हणली, बोलू नको. पयल्या साली भेऊन गप ऱ्हायले. मंग सवय लागली."

"नंतर, आत्या? मोगलाई गेल्यावर?"

"तवर वहिनीची आई मेली व्हती. सांगावासुदिक उशिरा आला. तवा सांगितलं असतं, तर तिनं मायच्या हातचं पाणी घेतलं नसतं. एका घरात ऱ्हायचं व्हतं आमाला. आन न्यायला कुणी आल्याबिगर वहिनी आपल्या पायानं कशी जाणार?"

मी उठले. परसात हातपंप होता, तिथं जाऊन हात धुतले. पुन्हा धुतले. ज्या आजीनं हे केलं, तिनं मला दुधावरची साय चोरून खाऊ घातलीय, सुमन. तापात चार रात्री मांडीवर घेऊन बसलीय. तिच्यावर रागवायला गेले तर राग हातात येईना. मग मला आई दिसली. मी लहान होते तेव्हाही पंचमीला सकाळीच न्हाऊन उंबऱ्यावर बसायची. आम्ही पोरी झोक्यावर. ती रस्त्याकडं बघायची. मोगलाई जाऊन किती वर्षं झाली होती! आम्हाला वाटायचं, आई सणाची दमली, म्हणून टेकलीय.

परत आले तर आत्या वाटच बघत होती.

"रागावलीस, कुशे?"

"तुझ्यावर नाय."

"मंग जेव. भाकर वाळली." आणि प्रणालीकडं वळून म्हणाली, "पोरी, तू हे लिवणार का?"

प्रणालीनं पेन खाली ठेवलं. "तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार."

आत्यानं सुपातले दाणे वरखाली केले. "लिव. पण नीट लिव. मोगलाईनं मायच्या सुनेला अडवलं, आसं लिवू नको. मायनं मोगलाईचं नाव पुढं केलं, आसं लिव. आन हेबी लिव, की तिला दुसरं काय सुचलं नाय. नाक्यावरच्या शिपायाला बिचाऱ्याला ठावंबी नसंल, त्याच्या नावावर कुणाकुणाच्या घरात काय काय खपलं."

परतीच्या गाडीत प्रणाली खिडकीशी बसली होती. म्हणाली, "नानी, राज्य आपल्या कामासाठी नाका घालतं आणि घर तोच नाका आपल्या कामाला लावतं. हे कुठल्या तहनाम्यात सापडणार होतं?"

"मग झालं की तुझं प्रकरण."

"नाही झालं. आत्याआजी पण एकच साक्ष आहे. आणि दोन्ही साक्षी घाटावरच्या. सरहद्दीला दुसरी बाजू असते ना?"

घाटमाथा

चौथ्या दिवशी मला पिशोरला सोडायचं होतं, पण प्रणाली म्हणाली, आधी कन्नडवरून घाटापर्यंत जाऊ. नाका कुठं होता ते बघू. चहाच्या टपरीवर विचारलं. टपरीवाला म्हणाला, वडाखाली होता म्हणतात. बाकड्यावरचा म्हातारा म्हणाला, छट, वळणावर. दोघांची जुंपली. प्रणालीनं दोन्ही लिहून घेतलं. मी म्हणलं, एक तरी खोटं असंल. ती म्हणाली, असू दे, कोण का तसं सांगतो तेही बघायचं असतं. हे ह्यांच्या कामातलं मला सगळ्यात आवडलं. खोटं निघालं म्हणून फेकून देत नाहीत. कुणी, कुणाला, कशासाठी सांगितलं ते विचारतात.

मी कडेला जाऊन उभी राहिले. मागं ट्रक कण्हत चढत होते. खाली तुमचा खानदेश. धुरकट ऊन, त्यात हिरवे-पिवळे तुकडे, कुठं पाण्याची चमक. आमच्याकडं काळी रानं आणि बोडके डोंगर, वाराही कोरडा. खालून येणारा वारा कोमट होता, ओल्या मातीच्या वासाचा. आई म्हणायची, आमच्या खाली पहाट लवकर गरम होते. मला वाटायचं, काहीतरीच.

"इथून सुमनआजीकडं किती वेळ लागतो?" प्रणालीनं विचारलं.

"तास."

एक तास, सुमन. तुझे वडील पायी चढायचे, दिवस जायचा, तरी तीन वर्षं आले. आणि मी मोटारीच्या रस्त्यानं जन्मभरात किती वेळा उतरले? दोन लग्नं आणि मामांचं तेरावं. बाकीच्या वेळी गुडघे, नाहीतर नातवाची परीक्षा, नाहीतर घाटात दरड. मला कोणत्या सासूनं विहिरीवर पाठवलं होतं? मामांच्या तेराव्याला तुझा भाऊ म्हणाला होता, आमची आत्या, म्हणजे माझी आई, मोगलाईत गेली आणि आम्हाला विसरली. मी तेव्हा फणकारून बोलले होते, तुम्ही तरी कुठं आलात न्यायला! आत्ता ते आठवलं आणि तोंड लपवावंसं वाटलं. मामा आले होते. परत परत आले होते.

प्रणाली म्हणाली, चल, आत्ताच जाऊ खाली. मी नाय म्हणलं. त्या घरात मी कुठल्या तोंडानं शिरणार? आधी तुला हे कळायला पाहिजे होतं, म्हणून कागद.

आता तू सांग. मामा घाट उतरून घरी आल्यावर काय म्हणायचे? बहीण दिली नाही असं म्हणायचे, की नाक्यानं अडवलं असं? की तेही तुमच्या आजीला बरं वाटावं म्हणून तिसरंच काही सांगायचे? तुला आठवत असेल ते, तुझ्या आईनं सांगितलं असेल ते, खरं-खोटं कसंही. पोरीचं प्रकरण त्यावर अडलंय. आणि पोरीचं राहू दे. मला ऐकायचंय, की आईला आणायला येताना त्यांनी बरोबर काय आणलेलं असायचं. लुगडं? गूळ-शेंगदाणे? निरोप? ते गाठोडं उतरताना पुन्हा तसंच पाठीवर असेल ना गं.

तर ये. आखाजीला तुझ्या लेकी येतील, पंचमीला माझ्या, म्हणून सणाची वाट बघू नको. एखाद्या साध्या मंगळवारी ये, ज्या दिवशी तुमच्याकडं काही नसतं आणि आमच्याकडंही काही नसतं. सकाळच्या गाडीनं निघालीस तर भाकरी गरम मिळंल. मी कुठं जात नाय, घरीच आहे.